कुंभकोणमचा आहेर

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या कुंभकोणम नगरीत जो मराठी यात्रेकरू येतो, तो बहुधा देवदर्शनाच्या हेतूने येतो. आदि कुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी, जवळच्या दारासुरमचे ऐरावतेश्वराचे अद्भुत शिल्पमंदिर आणि आसमंतातील नवग्रहांची क्षेत्रे असा त्याचा क्रम आधीच ठरलेला असतो, आणि हे सर्व यथासांग पार पडून परतीच्या गाडीला दोन-तीन घटकांचा अवधी उरला म्हणजे मग घरच्यांसाठी आणि स्नेह्यासोबत्यांसाठी काय न्यावे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. त्या घाईत तो देवळाच्या दारातील पहिल्या दुकानाशी थांबतो आणि एकाच नमुन्याच्या दहा-बारा वस्तू एकदम घेऊन मोकळा होतो. भाचीला तीच, शेजाऱ्याला तीच आणि कचेरीतील वरिष्ठालाही तीच. या वस्तू देणाऱ्याच्या हातून सुटतात, घेणाऱ्याच्या हाती पडतात, आणि पुढे त्यांचे काय होते याची चौकशी कोणीही करीत नाही.

मला याचे वाईट वाटते ते विशेषेकरून अशासाठी की, ज्या गावी हा प्रकार घडतो त्या गावाच्या दहा-पंधरा कोसांच्या परिघात देण्याजोग्या वस्तू घडविणाऱ्या कारागिरांचे जेवढे दाट जाळे आहे, तेवढे हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी आढळेल. स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतल्या जातात, नाच्चियारकोविलला पितळी दीप घडतात, तिरुभुवनमला रेशीम विणले जाते, तंजावरास चित्रे, थाळ्या आणि बाहुल्या होतात, आणि खुद्द कुंभकोणमात तांब्यापितळेची व कथिलाची भांडी, फिल्टरची कॉफी आणि विड्याची कोवळी पाने. यातील प्रत्येक वस्तू कोणत्या तरी विशिष्ट घरासाठी, विशिष्ट प्रसंगासाठी आणि विशिष्ट वयाच्या माणसासाठी योग्य आहे. अन्य ठिकाणी तीच वस्तू अडगळ होते. भेटवस्तूच्या निवडीतील सारे मर्म मला यातच दिसते. वस्तूचे सौंदर्य महत्त्वाचे खरे, तिचे मोलही काही अंशी महत्त्वाचे. परंतु ती घेणाऱ्याच्या दिनक्रमात कोठे बसणार आहे, सकाळी, दुपारी की सांजवेळी तिला त्याचा हात लागणार आहे, याचा विचार जो देणारा करतो त्याचीच भेट रसिकतेची ठरते.

या मुलुखाशी मराठी माणसाचे नाते केवळ यात्रेपुरते नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर राज्य खालसा होईपर्यंत येथील दरबारी कारभारात मराठीला मानाचे स्थान होते. दफ्तरे मोडीत लिहिली जात. ज्या माधवरावांनी पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविली, ते १८२८ साली याच कुंभकोणमात जन्मले. अशा मराठी घराण्यांचे वंशज आजही या प्रांतात आहेत. त्यांच्या घरी बोलली जाणारी मराठी दक्षिणेच्या वळणाची झाली आहे, आणि त्यांच्या देण्याघेण्याच्या रीतीत महाराष्ट्राचे हळदीकुंकू व तमिळ देशाचे तांबूल एकाच तबकात आले आहे.

दरबारी देण्याघेण्याचा कायदा मोठा काटेकोर होता. नजराणा कोणी किती ठेवावा, खिलतीचा पोशाख कोणास कोणत्या दर्जाचा मिळावा, इनामाची सनद कोणत्या शर्तींवर व्हावी, हे सर्व दस्तुराने ठरलेले असे, आणि त्यात घेणाऱ्याच्या आवडीनिवडीपेक्षा त्याच्या मरातबाचा विचार अधिक होई. तथापि याच घराण्यातील दोन राजांनी दिलेल्या दोन देणग्या मला निराळ्या वाटतात. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली कुंभकोणमजवळील तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, आणि ते शहाजीराजपुरम या नावाने ओळखले जाऊ लागले. पंडिताला शालजोडी द्यावी, सोन्याचे कडे द्यावे, हा परिपाठ होताच. पण ज्याचे आयुष्य वादात, अध्यापनात आणि ग्रंथलेखनात जावयाचे आहे त्याला पोटाची विवंचना नसलेले घर आणि भिंतीपलीकडे त्याच्याच तोडीचा शेजारी देणे, ही कल्पना ज्याला सुचली त्याने विद्वानाच्या दिवसाचा विचार खरोखर केला होता. दुसरे उदाहरण सरफोजीराजांचे. ज्या श्वार्ट्झ पाद्र्याने त्यांचे बालपणी रक्षण केले आणि त्यांच्या शिक्षणाची तजवीज लावली, तो १७९८ साली निवर्तल्यावर राजांनी त्याच्या स्मरणार्थ इंग्लंडातील विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करवून आणले आणि ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. मृत्युशय्येवर पडलेला वृद्ध गुरू आणि त्याच्याजवळ उभा असलेला राजा, असे ते दृश्य आहे. आपल्या धर्माच्या राजाने परधर्मीय गुरूला काय अर्पावे, याचे उत्तर राजांनी गुरूच्या धर्माला आणि त्याच्या देशाच्या कलेला मान देऊन शोधले. स्वतःच्या आवडीची वस्तू त्याच्या स्मृतीवर लादली नाही.

तमिळ देशातील सामान्य जनांचे देणेघेणे याहून वेगळ्या नियमांनी चालते. लग्नात वधूपक्षाकडून ताटे भरभरून मिरवीत न्यायची ती सीर आपल्याकडील रुखवताची सख्खी बहीण म्हणावी अशी आहे. आणि मांडवाच्या दाराशी वही घेऊन बसलेला गृहस्थ आलेल्या प्रत्येकाची मोय, म्हणजे रोख आहेर, नावानिशी टिपून घेतो, तेथेही आपल्यासारखाच एकशे एक, पाचशे एक असा वरचा एक रुपया असतोच. पुदुकोट्टै आणि तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पेरावूरणीच्या आसमंतात, तर खास मोयविरुंदू म्हणून जेवणावळी घालतात. यजमानाने आजवर ज्यांच्या ज्यांच्या पंक्तीला मोय दिली ते सर्व येतात, जेवतात आणि घेतलेली रक्कम आपल्या परीने वाढवून परत करतात. त्या रकमेतून कोणी विहीर खणतो, कोणी दुकान टाकतो, कोणी मुलाच्या शिक्षणाची सोय लावतो. पतपेढीचे काम करणारी ही रूढी आहे आणि तिच्याविषयी मला आदर वाटतो. मात्र तिची वही ही ज्या नात्यांसाठी आहे त्यांच्याचपुरती ठेवावी. जिवलग मित्राला काही देताना मागच्या वेळी त्याने किती दिले होते, हे स्मरू लागलो की निवडीतील आनंद तेथेच संपतो.

आता वस्तूंकडे वळू, आणि प्रथम नाच्चियारकोविलच्या दीपाकडे. कुंभकोणमहून तिरुवारूरच्या वाटेवर दहाएक किलोमीटरांवर हे गाव आहे. तेथील विष्णुमंदिरातील पाषाणाचा गरुड प्रसिद्ध आहे आणि गल्लीगल्लीतून धातूच्या ठोकाठोकीचा नाद येत असतो. येथे घडणाऱ्या कुत्तुविळक्कूला, म्हणजे उभ्या दीपाला, भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. आपल्या समईप्रमाणेच त्याला बैठक, दांडा, तेलाचे तबक आणि शिखर असे चार भाग असतात. शिखरावर बहुधा अन्नम, म्हणजे राजहंस, बसविलेला असतो आणि तबकाला पाच वातींसाठी पाच चोची काढलेल्या असतात. हे भाग स्वतंत्रपणे ओतले जातात. कावेरीच्या काठची बारीक, चिकटसर वाळू चौकटीत ठासून भरतात, तीत नमुना दाबून त्याचा ठसा उमटवितात, नमुना अलगद काढून घेऊन त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात, आणि निवाल्यावर वाळू फोडून आतला खडबडीत, काळवंडलेला तुकडा बाहेर काढतात. या वाळूच्या पोतावरच कामाचा पोत अवलंबून असल्याने कारागीर तिला फार जपतात. पुढे तो तुकडा चरकावर चढतो. फिरत्या धातूला हत्यार टेकले की वरचा काळा पापुद्रा सुटत जातो आणि खालून पितळेची पिवळी झळाळी वर्तुळावर वर्तुळ उघडी होते. शेवटी आटे पाडून चारही भाग एकमेकांत फिरवून बसवितात. सांध्याला डाग नाही, खिळा नाही. दीप उतरवून पेटीत भरावा आणि दुसऱ्या गावी नेऊन पुन्हा उभा करावा.

ज्याला परगावी भेट न्यावयाची आहे त्याच्यासाठी ही सोय मोलाची. खरेदी करताना काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. दीप जमिनीवर ठेवून शिखराला हलकासा धक्का द्यावा; बैठक उंचीच्या मानाने पुरेशी रुंद व जड असेल तर तो डळमळून पुन्हा स्थिर होतो. प्रत्येक आटा उलगडून पुन्हा लावून पाहावा. अर्ध्यावर अडकणारा किंवा सैल फिरणारा आटा पुढे कायमचा त्रास देतो. तबकात पाणी घालून दीप पाव तास तसाच ठेवावा, म्हणजे ओतकामातील सूक्ष्म छिद्र असल्यास खाली ओल दिसेल. दीपावर चकचकीत लाखेचा थर दिला आहे काय, हेही विचारावे, कारण तसा थर असलेले पितळ चिंचेने घासले तर डागाळते. दीप तोलावर विकला जातो, म्हणून ठेंगणा परंतु भरीव दीप उंच आणि पोकळ दीपापेक्षा महाग पडेल. अशा वेळी ठेंगणा घ्यावा. नव्या जोडप्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तीन फुटांची समई उभी करण्यास जागा नसते, आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला मोठा दीप कोणाच्याही घराला शोभा देत नाही. वीतभर उंचीचा, रोज संध्याकाळी लावता येईल असा दीप त्या घरी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पेटेल.

कुंभकोणमच्या बाजारातील दुसरी वस्तू महाराष्ट्रात जवळजवळ अज्ञात आहे, आणि मला विचाराल तर पाककुशल गृहिणीला किंवा हौसेने स्वयंपाक करणाऱ्या मित्राला देण्यासाठी तिच्या तोडीची दुसरी वस्तू नाही. आदि कुंभेश्वराच्या देवळाकडे नेणाऱ्या लांब, छताखालच्या वाटेवर आणि लगतच्या रस्त्यांवर जी भांड्यांची दुकाने आहेत, तेथे चांदीसारखा पांढरा, परंतु चांदीहून मंद तेजाचा एक गडू दिसतो. हा ईयच्चोंबू, शुद्ध कथिलाचा. कथील आपल्याला परके नाही. पितळी पातेल्यांना आतून कल्हई करतात ती याचीच. फरक एवढाच की, येथे सबंध भांडेच कथिलाचे असते आणि त्यात रसम करतात. चिंच, टोमॅटो आणि मिरी यांचे आंबट पाणी बिनकल्हईच्या पितळी भांड्यात कळकते. कथिलाच्या भांड्यात मात्र कळकत नाही, आणि जाणत्या तमिळ गृहिणी तर सांगतात की या भांड्यातल्या रसमला येणारा स्वाद अन्य कशाने येत नाही. आपल्याकडे आमसुलाचे सार, टोमॅटोचे सार किंवा पुरणाच्या दिवशीची कटाची आमटी या भांड्यात तितक्याच सुखाने होईल.

परंतु ही वस्तू देताना तिच्यासोबत दोन शब्दही दिले पाहिजेत. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते. रिकामे भांडे पेटत्या चुलीवर ठेवले तर पाहता पाहता त्याचा तळ खाली उतरतो आणि भांड्याच्या जागी धातूचे थारोळे उरते. आधी चिंचेचे पाणी ओतावे, मगच ते आचेवर चढवावे, आच मंद ठेवावी, द्रव आटू देऊ नये आणि फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून घालावी. घासतानाही तारेचा चोथा वापरू नये. हे सर्व एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून भांड्यात घालावे. ज्या घरी आजवर कोणी असे भांडे वापरलेले नाही, तेथे चिठ्ठीवाचून दिलेली भेट पहिल्याच दिवशी नष्ट होण्याचा संभव आहे. आणखी एक दक्षता अशी की, कथिलात शिसे मिसळले तर ते आरोग्यास अपायकारक असते आणि नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही. म्हणून जुन्या, नावाजलेल्या दुकानातून, शुद्धतेची लेखी हमी घेऊनच ही खरेदी करावी. चार पैसे वाचविण्यासाठी फेरीवाल्याकडून घेण्याची ही वस्तू नव्हे.

कॉफीचा पितळी फिल्टर, टंबलर आणि डवरा हा संच सर्वांनाच ठाऊक आहे. कॉफीच्या भक्ताला तो द्यावा, सोबत ताजी दळलेली पूड द्यावी. चहा पिणाऱ्याला देऊ नये, कारण त्याच्या घरी तो केवळ काचेच्या कपाटात जाऊन बसेल.

स्वामीमलैच्या मूर्तींविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तेथे निवडीला अधिक विवेक लागतो. मुरुगनाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक असलेले हे गाव कुंभकोणमपासून अगदी जवळ आहे, आणि दारासुरमचे मंदिर बाराव्या शतकात उभारले गेले तेव्हा आलेल्या शिल्पकारांचे आपण वंशज आहोत, असे येथील स्थपती परंपरेने सांगतात. त्यांच्या कामाचा आरंभ नारळाच्या झावळीच्या पातीने होतो. जेवढ्या उंचीची मूर्ती करावयाची तेवढी लांब पात कापून तिच्या घड्या घालतात. एक घडी मुखाची, तिचे अमुक भाग म्हणजे कपाळ, नाक आणि हनुवटी, तिच्या अमुक पटी म्हणजे धड आणि मांडी, अशी सारी तालमानाची गणिते त्या पातीच्या चुण्यांत सामावतात. मग मधमाशांचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती हातांनी घडवितात, तिच्यावर कावेरीच्या गाळाची अतिसूक्ष्म माती थरावर थर चढवितात, वाळवून भट्टीत तापवितात, मेण वितळून वाहून गेले की त्या पोकळीत धातूचा रस ओततात, आणि निवाल्यावर मातीचे कवच फोडतात. कवच फुटले की तो साचा कायमचा गेला. म्हणून या रीतीने ओतलेल्या कोणत्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात. यापुढे छिन्नी आणि कानस घेऊन दागिन्यांच्या कडा, वस्त्रांच्या चुण्या आणि सर्वांत शेवटी डोळे उघडण्याचे काम चालते. दिल्लीच्या भारत मंडपमसमोर २०२३ साली उभारलेली सत्तावीस फूट उंचीची, सुमारे अठरा टन वजनाची अष्टधातूची नटराजमूर्ती याच गावच्या स्थपतींनी याच पद्धतीने ओतली.

नटराजाच्याच संदर्भात एक उत्तम भेट आठवते. स्वित्झर्लंडमधील सर्न या अणुसंशोधन संस्थेला भारत सरकारने दोन मीटर उंचीची नटराजमूर्ती दिली आणि १८ जून २००४ रोजी तिचे अनावरण झाले. जे शास्त्रज्ञ द्रव्याच्या सूक्ष्मतम कणांची उत्पत्ती आणि लय पाहत बसतात, त्यांच्या अंगणात सृष्टीच्या उत्पत्तिस्थितिलयाचे नृत्य उभे करणे, यात देणाऱ्याचे संस्कारही दिसले आणि घेणाऱ्याच्या व्यासंगाची जाणही दिसली. आपण आपल्या ऐपतीप्रमाणे मूर्ती निवडतो तेव्हा हाच प्रश्न स्वतःला विचारावा. ज्याच्या घरी नित्य पूजाअर्चा चालते त्याला पूजेची मूर्ती परस्पर देऊ नये. त्याचे कुलदैवत, मूर्तीची उंची, घरातील आचार यांविषयी त्याच्याशी आधी बोलावे, नाहीतर एका श्रद्धावान माणसाला विनाकारण धर्मसंकटात टाकल्यासारखे होते. जो केवळ कलेचा भोक्ता आहे त्याला नंदी, हंस, हत्ती अशी छोटी आकृती किंवा दीपलक्ष्मी द्यावी. परदेशी राहणाऱ्या आप्तांसाठी मूर्ती घेतली तर दुकानदाराची पक्की पावती जपून ठेवावी आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ही वस्तू पुरातन नाही असा दाखला मिळवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांवरील कलावस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई असल्याने या कागदांवाचून विमानतळावर अडवणूक होऊ शकते. आणि मूर्तीच्या किमतीची घासाघीस करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या हातांनी कित्येक आठवडे एका वीतभर देहावर खर्ची घातले, त्यांच्या मजुरीतून काटलेल्या रकमेने भेटीची शोभा वाढत नाही.

तिरुभुवनमच्या रेशमी साड्या सौराष्ट्री विणकर समाजाच्या हातच्या; तेथील सहकारी संस्थेच्या दुकानात दर बांधलेले असतात, हीच नवख्या गिऱ्हाइकाची मोठी सोय. परंतु साडी ही नेसणाऱ्या स्त्रीने स्वतः पारखून घेण्याची गोष्ट आहे. रंग कोणता चढतो, काठ किती रुंद पेलतो, हे तिच्याइतके दुसऱ्याला कळत नाही. तिला सोबत नेणे शक्य असेल तर तेच करावे, आणि नसेल तर दुसरे काही निवडावे.

तंजावरच्या थाळ्यांवर चांदीच्या आणि तांब्याच्या पत्र्यांतून उठविलेल्या देवदेवतांच्या आकृती जडविलेल्या असतात, आणि ही कला सरफोजीराजांच्या आश्रयाने वाढली, असे सांगतात. सेवानिवृत्तीच्या समारंभाला किंवा संस्थेच्या वतीने पाहुण्याचा सत्कार करताना ती शोभून दिसते. घरगुती स्नेहात तिचा औपचारिकपणा थोडा खटकतो. मुलांसाठी तंजावरची बाहुली घ्यावी. तिचा तळ गोल आणि जड असल्याने कितीही आडवी पाडली तरी ती पुन्हा उभी राहते, आणि हे का होते, हे मुलाने विचारले की गुरुत्वमध्याचा पहिला धडा आपसूक सुरू होतो. तमिळ घरांत नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांची आरास मांडतात, तिला गोलू म्हणतात. नववधूला माहेराहून मरप्पाच्ची नावाची लाकडी स्त्रीपुरुषांची जोडी देतात आणि तिच्याभोवती दरवर्षी एकेक बाहुली वाढत जाऊन त्या घरचा गोलू उभा राहतो. भेट अशी असावी की तिला पुढे दरवर्षी काही जोडता यावे. आपल्याकडे संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या वाण म्हणून घाऊक वाटण्याची जी चाल पडली आहे, तिच्याऐवजी एखाद्या घराने आपल्या लेकीसुनांना दरवर्षी एक मातीची बाहुली किंवा एक छोटी पणती देण्याचा परिपाठ ठेवला, तर दहा वर्षांत त्या घरात एक संग्रह तयार होईल.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत कुंभकोणमचेच एक उदाहरण द्यावेसे वाटते. सारंगपाणी मंदिराच्या सन्निधी रस्त्यावरील लहानशा घरात वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती विद्यार्थिदशेत जी. एस. कार यांचा सुमारे पाच हजार सिद्धांतांचा गणितसंग्रह आला. ते पुस्तक त्यांच्या मालकीचेही नव्हते, उसने आणलेले होते. ते काही उच्च कोटीचे पुस्तक आहे असेही गणितज्ञ मानीत नाहीत. परंतु सिद्धांत दिलेले आणि सिद्धता बहुतांशी गाळलेल्या, ही त्याची रचना त्या एका मुलाच्या बुद्धीला नेमकी मानवली. म्हणून मुलाला पुस्तक देताना गाजलेले कोणते, हे विचारण्याआधी त्या मुलाला सध्या कसली ओढ लागली आहे, हे विचारावे. मराठी वाचनाची गोडी असलेल्या प्रौढ मित्रासाठी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाची प्रकाशने अवश्य पाहावीत. खुद्द सरफोजीराजांनी रचलेले, भूगोल शिकविणारे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक त्या ग्रंथालयाने छापले आहे, आणि महाराष्ट्रातील फार थोड्या वाचकांनी ते हाती घेतलेले असते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत क्षणभंगुर अशी भेट म्हणजे येथील विड्याची पाने. कावेरीच्या गाळाच्या जमिनीतली ही पाने कोवळी, पातळ आणि सौम्य तिखट असतात. २०२५ साली त्यांनाही भौगोलिक मानांकन मिळाले. परतीच्या प्रवासात ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून नेली तर ती दोन-तीन दिवस टवटवीत राहतात. जेवणानंतर विडा खाणारी आजी घरात असेल तर तिच्यासाठी हीच भेट न्यावी. तिला कोणत्याही मूर्तीपेक्षा हिचा आनंद अधिक होईल, आणि नातवाला आपली सवय लक्षात राहिली हे ती शेजारणींना सांगेल.

देण्याच्या रीतीविषयीही थोडे. तमिळ घरात कोणतीही भेट उघडी, एकटी दिली जात नाही. तबकात दोन पाने, सुपारी, हळद, कुंकू, एखादे फळ किंवा नारळ आणि थोडी फुले यांच्यासह ती पुढे केली जाते. आपल्याकडेही भांडे रिकामे देत नाहीत. तळाशी मूठभर तांदूळ, खडीसाखर किंवा सुपारी तरी असते. दीपासोबत कापसाच्या वाती आणि तिळाच्या तेलाची बाटली, कॉफीच्या संचासोबत पूड, कथिलाच्या गडूसोबत ती चिठ्ठी, बाहुलीसोबत ती घडविणाऱ्या गावाचे नाव, एवढे जोडले की घेणाऱ्याला वस्तू वापरायला त्याच दिवशी सुरुवात करता येते. रंगीत कागद आणि फिती यांवर खर्च करण्यापेक्षा एखाद्या चांगल्या सुती पंच्यात किंवा खणात वस्तू बांधावी. तो कपडाही पुढे उपयोगी पडतो.

राहता राहिली वेळेची गोष्ट. चांगला स्थपती किंवा दीप घडविणारा कारागीर मागणीप्रमाणे काम करतो. तयार माल दुकानात मिळतो, परंतु हवी ती उंची, हवे ते शिखर, हवी ती मुद्रा मिळण्यासाठी त्याला अवधी द्यावा लागतो, आणि भर पावसाळ्यात साचे वाळण्यास विलंब होतो. कुंभकोणमचा मोठा यात्रोत्सव जो महामहम्, तो यानंतर २०२८ साली आहे. त्या सुमारास लाखो यात्रेकरू या गावात लोटतील आणि कारागिरांना श्वास घेण्यासही फुरसत राहणार नाही. ज्यांना त्या यात्रेहून कोणासाठी दीप किंवा मूर्ती न्यावयाची आहे, त्यांनी ती मागणी आदल्या वर्षीच नोंदवावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि ज्याच्यासाठी ती वस्तू घडते आहे त्याच्या घराची व सवयींची चार वाक्ये कारागिराला अवश्य सांगावीत.